पहारा

आप्पांना आत नेल्यावर काकांनी प्रतीक्षाकक्षातल्या घड्याळाकडे पाठ करून बसायचे ठरवले आणि तसे जाहीरही केले.

"घड्याळाकडे बघितलं की घड्याळ थांबतं, वहिनी. सगळी नोकरी बसडेपोच्या नियंत्रण खिडकीत काढली, मला विचारा. बघणाऱ्याची गाडी कधी वेळेवर येत नाही."

आई थोरलीकडे वळली. "मशीन भरून ठेवलंय?"

"ठेवलंय, आई."

"नळ्यांतले बुडबुडे?"

"काढलेत. मशीनवरची मुलगी तू शिकवलेल्या बाईंनी शिकवलेली आहे."

"म्हणूनच विचारतेय. मी शिकवलेली बाई घाईची होती."

हृदय थांबवले असताना त्याचे आणि फुप्फुसांचे काम जे यंत्र करते, ते या रुग्णालयात पहिल्यांदा आईने चालवले होते. आप्पा छाती उघडत आणि आई त्यांच्या पाठीमागे यंत्रापाशी बसे. दोघांचे लग्न व्हायच्या आधीपासून. "आमची ओळख पाठमोरी झाली," असे ती पुढे सांगत असे. निवृत्त होऊन बराच काळ लोटला तरी इमारतीत कुठे तो पंप भरला जात असेल, तर तिला त्याची चौकशी केल्यावाचून राहवत नसे. आज तर तो पंप आप्पांसाठी भरून ठेवला होता, आणि वापरायला लागू नये म्हणून भरून ठेवला होता.

ही त्यांचीच पद्धत. जांघेतल्या धमनीतून नळी सरकवून हृदयाची झडप बसवण्याचे काम सुरू झाले, तेव्हा विभागातल्या तरुणांना वाटले की आता सुरीचे दिवस संपले. आप्पांनी फक्त एक नियम घालून दिला. नळीचे काम चालू असेल तेव्हा रुग्णाचे अंग मानेपासून गुडघ्यापर्यंत जंतुनाशकाने रंगवलेले असेल, पंप भरलेला असेल आणि एक शल्यविशारद हात मोकळे ठेवून दाराबाहेर बसेल. बहुतेक वेळा तो नुसता बसून परत जाई. विभागात याला 'पहारा' म्हणत. निवृत्तीपूर्वी भांडून भांडून आप्पांनी जी मोठी खोली बांधून घेतली, तिच्यात छतावर क्ष-किरणांचा वाकलेला हात होता आणि त्याच्या शेजारीच शस्त्रक्रियेचे दिवे. नळीवाले आणि सुरीवाले एकाच छताखाली. त्या वेळी काकांनी विचारले होते, "दादा, एका म्यानात दोन तलवारी राहतात का कधी?" आप्पा म्हणाले होते, "राहतात. म्यान मोठं करायचं."

घरात मात्र ते म्यान लहानच पडले होते. थोरली आप्पांच्या मागोमाग शल्यविशारद झाली. धाकटाही तिकडेच निघाला होता. काही काळ तो आप्पांच्या समोर, टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभा राहून धागा धरीत असे. मग एके दिवशी त्याने ते शिक्षण सोडले आणि नळीच्या विद्येकडे गेला. आप्पा रागावले नाहीत. थोरली रागावली. "पळालास," ती जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर म्हणाली, आणि त्या एका शब्दानंतर बहीणभावांत पेशंटपुरते बोलणे उरले.

आणि आता आप्पांचीच झडप चुन्यासारखी कडक झाली होती. त्यांच्या वडिलांचीही अशीच झाली होती. ते जिना चढताना कोसळले तेव्हा आप्पा वैद्यकीच्या पहिल्या वर्षात होते आणि त्या काळी करण्यासारखे काहीच नव्हते. आप्पा स्वतः गेल्या आठवड्यात जिन्यातच घेरी येऊन बसले. घरातल्या सर्वांना वाटले, छाती उघडायचे ठरेल आणि ती थोरलीचा सहकारी उघडेल. आप्पांनी टेबलावर स्कॅन पसरला आणि सांगितले, "जांघेतून. धाकटा करेल."

"आपल्या माणसावर हात चालवायचा नाही, हा नियम तुमचाच ना?" थोरलीने विचारले होते.

"नियम माझा, मोडायचा हक्कही माझा. हे काम या शहरात त्याच्याइतकं कुणी केलेलं नाही. म्हाताऱ्याला चांगला डॉक्टर नको का?"

धाकट्याची मान खाली होती. ती अभिमानाने खाली गेली आहे हे एकट्या आईने ओळखले.

दार उघडले आणि आप्पांचा जुना शिष्य घाईने आत आला. आजचा पहारा त्याचा होता. त्याच्या डोक्यावर टोपी होती, पण चेहऱ्यावर पहारेकऱ्याची निवांतता नव्हती.

"ताई, एक बाई आल्यात. महाधमनी फाटलीय. बाजूच्या थिएटरमध्ये घेतलंय, मला आत्ताच उघडावं लागेल."

"मग आप्पांचं थांबवा."

"जांघेत नळी गेलीय. तरी मी आत जाऊन सांगितलं. धाकटे थांबायला तयार होते. पण सर टेबलावरून म्हणाले..." तो अडखळला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, 'बाहेर एक मोकळी बसलीय, तिला विचार.'"

काका उठले. "अरे, ती मुलगी आहे त्यांची! वहिनी, तुम्ही तरी बोला. मुलीनं बापाच्या छातीवर सुरी धरायची?"

"धरावी लागू नये म्हणून तर पहारा असतो, भावजी."

"आणि लागली तर?"

आईने पदर नीट केला. "लागली तर धरता येणारी मुलगी आहे. तेवढं आपलं नशीब."

थोरलीने हातातले घड्याळ काढून आईच्या ओंजळीत ठेवले. "पहारा माझ्याकडे," ती शिष्याला म्हणाली. "तू जा."

---

खोलीत धाकट्याने शिसे भरलेला जड अंगरखा सावरला आणि पडद्याकडे पाहिले. आप्पा जागे होते. फक्त जांघ बधिर केली होती आणि थोडे गुंगीचे औषध दिले होते. पण आप्पांना गुंगी येत नव्हती, की ते येऊ देत नव्हते, हे कळायला मार्ग नव्हता.

"आप्पा, बोलू नका."

"मी बोलत नाहीये. श्वास घेतोय."

"श्वास घेताना शब्द येतायत."

"वयामुळे," आप्पा म्हणाले, आणि भूलतज्ज्ञ बाई मास्कच्या आड हसल्या.

सिस्टरने टेबलाशी येऊन हलकेच विचारले, "सर, तेवीसच ना? डबा उघडू?"

धाकट्याचे उत्तर क्षणभर लांबले. झडप ज्या कड्यात बसते त्या कड्याचे माप स्कॅनवर तेवीस आणि सव्वीस मिलिमीटर या दोन आकारांच्या सीमेवर आले होते. त्याच्या हिशेबाने सव्विसाची हवी होती. पण स्कॅन पसरला त्या रात्री जेवणाच्या टेबलावर आप्पांनी चष्मा कपाळावर चढवून त्यावर बोट ठेवले होते. "मोठी घातलीस तर कडं फाटेल. फाटलेली कडी मी शिवलीयत, तू नाहीस. लहान घाल." धाकट्याने वाद घातला नाही. फुग्यात थोडे जास्त पाणी भरून लहान झडप ताणून बसवता येते, असे त्याने स्वतःला पटवले. दुसऱ्या कोणत्याही रुग्णाच्या बाबतीत त्याने ते पटवून घेतले नसते.

"तेवीस," तो म्हणाला.

पुढचे सगळे त्याने अनेकदा केले होते आणि या वेळी ते नेहमीपेक्षा सुंदर झाले. तार महाधमनीतून वळसा घेऊन हृदयाच्या डाव्या कप्प्यात गेली. तारेवरून मिटलेली झडप वर आली आणि जुन्या झडपेच्या मधोमध थांबली. हृदयाचे ठोके मुद्दाम इतके जलद केले की ते नुसते थरथरत राहिले, रक्ताचा झोत मंदावला, आणि त्या क्षणिक शांततेत फुगा फुलला. झडप उघडली, कड्याला टेकली. फुगा मिटला. ठोके पूर्ववत केले. रक्तदाबाची रेघ उंच उठली.

"छान," भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या.

आणखी काही ठोके पडले. मग सैल अंगठी ओल्या बोटातून निघावी तशी झडप कड्यातून निसटली आणि हृदयाच्या आत, खालच्या कप्प्यात घसरली. तारेत ओवलेल्या मण्यासारखी ती तिथे डोलत राहिली.

खोलीत कोणी काही बोलले नाही. ती शांतता आप्पांच्या ओळखीची होती.

"घसरला का रे व्हॉल्व्ह?"

"हो, आप्पा."

"वर की खाली?"

"खाली."

"वायर?"

"वायर आत आहे. तो वायरवरच आहे."

"मग सोडू नकोस. सोडलीस तर तो कुशीवर वळेल आणि बाहेरची वाट अडवेल."

"मला माहीत आहे, आप्पा."

"माहीत असणारच. पेशंटला धीर म्हणून बोलतोय मी." आप्पांनी मान किंचित वळवली. "नळीनं वर ओढता येईल?"

धाकट्याने नवा फुगा झडपेत फुलवून ती ओढून पाहिली. ती कड्याशी येऊन अडली. आणखी जोर केला तर कडे फाटले असते. त्याने हात थांबवला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपले हात परक्याचे वाटले.

"नाही येणार," तो म्हणाला. "ताईला बोलवा."

---

थोरली काचेच्या पलीकडे स्टुलावर बसली होती. झडप घसरलेली तिने पडद्यावर पाहिली होती. बोलावणे यायच्या आधीच ती हात धूत होती.

ती आत आली तेव्हा यंत्र टेबलाशी सरकवले जात होते आणि भूलतज्ज्ञ बाई सुई भरत होत्या. धाकटा जांघेशी वाकून उभा होता. तार त्याच्या दोन बोटांत होती. दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि दोघांनीही ते चटकन आवरते घेतले.

"आलीस?" आप्पा म्हणाले. "एक ऐक. मी आयुष्यभर छातीवर रेघ वाकडी काढली. सगळ्या विभागानं चेष्टा केली. तू सरळ काढ."

"आप्पा, मी—"

"इथे आप्पा कोणी नाही. सत्तरी ओलांडलेला पेशंट आहे, आत व्हॉल्व्ह सुटलाय, तब्येत अजून धड आहे. वेळ घालवू नकोस."

'इथे आप्पा कोणी नाही' हे वाक्य थोरलीसाठी होते. लागले मात्र ते धाकट्याला. आप्पांच्या पापण्या मिटल्या तरी तो तिथेच, त्या वाक्यापाशी उभा होता.

"किती वेळ धरू शकशील?" थोरलीने विचारले.

"लागेल तेवढा."

रंगवलेली छाती तयारच होती. निळी चादर पसरली गेली. धाकट्याचा हात तिच्याखाली नाहीसा झाला. थोरलीने सुरी घेतली आणि गळ्याच्या खाचेपासून खाली एक सरळ रेघ ओढली. करवत चालली, हाड दुभागले, आणि ज्याच्या आवाजावर ती लहानपणी कान ठेवून झोपत असे ते हृदय तिच्यासमोर धडधडू लागले. तिला वाटले होते की इथे आपण थांबू. पण हात पुढे गेला होता. हाताला फक्त काम दिसत होते, आणि हे त्याला आप्पांनीच शिकवले होते.

नळ्या जोडल्या गेल्या. "पंप चालू," यंत्रापाशी बसलेली मुलगी म्हणाली. रक्त यंत्रातून फिरू लागले, हृदय हळूहळू रिकामे झाले. ते अजून ठोके देत होते, पण त्या ठोक्यांत आता ओझे नव्हते.

आता खरी अडचण होती. हृदय थांबवायचे तर आधी महाधमनी चिमट्याने बंद करायला हवी. पण तार त्याच महाधमनीतून जात होती. तार असताना चिमटा नीट बसत नाही. तार आधी काढली तर आतली झडप मोकळी होते. दोन्ही एकापाठोपाठ, मध्ये फट न ठेवता व्हायला हवे होते. आणि महाधमनीच्या आत तार कुठे आहे हे थोरलीला दिसत नव्हते.

"मी 'आता' म्हणते, तू काढ," ती म्हणाली.

"नको, ताई." चादरीआडून आवाज आला. "तुला वायर दिसत नाही. मला स्क्रीनवर दिसतेय. काढतो मी. टोक तुझ्या चिमट्याच्या पुढे गेलं की 'गेली' म्हणेन. मग बंद कर. त्याआधी नाही, नंतरही नाही."

थोरलीने मान वर केली. विभागात तिला 'हे असं कर' म्हणणारा आप्पांनंतर कोणी उरला नव्हता.

"बरं," ती म्हणाली. "तू सांग."

तिने उघडा चिमटा महाधमनीच्या दोन बाजूंना धरला आणि थांबली. अशी वाट तिने कधी पाहिली नव्हती. पूर्णपणे दुसऱ्याच्या डोळ्यांवर विसंबून.

"काढतोय. हलकेच... कप्प्यातून बाहेर आली. व्हॉल्व्ह वळलाय, पण हृदय रिकामं आहे, वळू दे... वर येतेय. कमानीत पोचली नाही अजून. थांब, ताई. थांब..."

"थांबलेय."

"गेली."

चिमटा मिटला. गार द्रव आत गेला आणि आप्पांचे हृदय शांत झाले.

तिने महाधमनी उघडली, लांब चिमटा आत घातला आणि ती तारेची छोटी जाळीदार झडप अलगद बाहेर काढून ताटलीत ठेवली. मग चुना झालेली जुनी झडप कापून काढली, कडे साफ केले. समोर मदतीला उभा असलेला नवशिका डॉक्टर धागा ओढत होता, गोंधळत होता. कोणीतरी त्याच्या खांद्याला स्पर्श केला. धाकट्याने शिशाचा अंगरखा उतरवून हात धुतले होते.

"मी धरतो," तो म्हणाला, आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, जिथे तो पूर्वी उभा राहत असे तिथे, उभा राहिला.

थोरलीने माप घेण्याची लहान गोटी कड्यात घातली. ती सहज फिरली. तिने मोठी घातली. ती कड्यात घट्ट, नेमकी बसली. तिने वर पाहिले.

"मोठी."

"माझ्या मापातही मोठीच होती."

"मग?"

धाकट्याने फक्त कापडी पडद्याच्या पलीकडे, जिथे आप्पांचे डोके होते, तिकडे पाहिले. थोरलीला जेवणाचे टेबल आठवले, कपाळावर चढवलेला चष्मा आठवला. ही चूक शहरातल्या दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरकडून झाली नसती. या घरातल्या दुसऱ्या कोणाकडूनही झाली असती. तिच्याकडून तर नक्कीच.

"धागा दे," ती म्हणाली.

ती टाका घेई, तो धागा ओढून धरी, अगदी पुरेसा ताण देऊन. नवी झडप कड्यावर बसली. शेवटची गाठ मारताना ती म्हणाली, "अजून विसरला नाहीस."

"तू विसरू देशील तर ना."

मग ती हळू म्हणाली, "तेव्हा मी एक शब्द वापरला होता."

"कोणता?"

"तुला माहीत आहे."

"मला नाही आठवत, ताई," धाकटा म्हणाला. त्याला आठवत होता, आणि हे तिलाही माहीत होते.

चिमटा काढला. हृदय क्षणभर तसेच पडून राहिले. मग एका कोपऱ्यात थरथरले, अडखळले आणि चालू लागले.

---

प्रतीक्षाकक्षात काका आता घड्याळाकडे तोंड करून बसले होते. दार उघडले तेव्हा ते उभे राहिले. आई बसूनच राहिली. थोरलीच्या चेहऱ्यावर मास्कचे वळ होते.

आईने एवढेच विचारले, "पंपवरून सुटले?"

"सुटले. पहिल्या खेपेला."

काकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकले आणि मोठ्याने रडू लागले. आईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला, पण नजर थोरलीवरून हलवली नाही.

"समोर कोण होतं?"

"धाकटा."

"धागा त्यानं धरला?"

"शेवटपर्यंत."

आईच्या मुठीत अजून थोरलीचे घड्याळ होते. तिने ते मुलीच्या मनगटावर स्वतः बांधले, लहानपणी शाळेत जाताना बांधीत असे तसे, एक भोक घट्ट. मग तिने काकांकडे वळून म्हटले, "भावजी, डोळे पुसा. एका म्यानात दोन तलवारी राहिल्या."

---

आप्पांना खोलीत आणल्यावर तिसऱ्या दिवशी ते पुन्हा सगळ्यांच्या चुका काढू लागले, आणि घरच्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. खोकताना छातीशी धरायला दिलेली उशी मऊ होती, खिडकी चुकीच्या दिशेला होती, आणि काका वर्तमानपत्र चुकीच्या ठिकाणी थांबून वाचत होते.

"रेघ सरळ आहे का?" त्यांनी आईला विचारले.

आईने पट्टीची कड उचलून पाहिले. "तुमच्यापेक्षा."

"तुझं माप ढिलं आहे."

"तुमच्या पाठीमागे इतकी वर्षं बसले, तुमच्या रेघा मी बघितल्यात. ही फूटपट्टी लावल्यासारखी आहे."

थोरली कागद चाळीत होती. ती मान वर करणार नव्हती, पण तिचे कान लाल झाले.

धाकटा दारात उभा होता. शस्त्रक्रियेनंतर तो रोज येई, पलंगाच्या पायथ्याशी उभा राही आणि आकडे वाचून निघून जाई. आज आप्पांनी त्याला बोटाने जवळ बोलावले.

"तेवीस का घातलीस?"

काकांनी वर्तमानपत्राची घडी केली. "दादा, आता कशाला..."

"तू थांब. हं, का घातलीस?"

"तुम्ही म्हणालात म्हणून."

"कोण मी?"

"आप्पा."

"तिथे आप्पा कुठे होता? तिथे एक हट्टी म्हातारा पेशंट होता. पेशंट मापं सांगायला लागला तर ऐकून घ्यायचं, मान हलवायची आणि आपलं माप घालायचं. हे मी तुला शिकवलं नाही का?"

"नाही," धाकटा म्हणाला. "तुमच्यासमोर मान हलवायचीच सवय होती. पुढचं राहिलं."

आप्पांनी त्याच्याकडे नीट पाहिले.

"म्हणजे चूक माझी," ते म्हणाले. "पण सगळी नाही. निम्मी. निम्मी तुझ्याकडे ठेव, कामाला येईल."

धाकट्याने मान हलवली, मग आपण तेच केले हे लक्षात येऊन ओशाळला. थोरलीला हसू आवरले नाही.

"आणि वायर," आप्पा म्हणाले. "भूलवाल्या बाई काल सांगत होत्या. म्हणाल्या, हात दगडासारखा होता. बहिणीला थांब म्हणालास, आणि ती थांबली." त्यांनी थोरलीकडे पाहिले. "ही कुणासाठी थांबलेली मी तरी पाहिली नाही. दोघांची मिरवणूक काढायला हवी." मग आईला, मुले ऐकत नाहीत अशा आवाजात, पण मुलांना ऐकू जाईल असे, ते म्हणाले, "आमच्या वडिलांना बघायला मिळायला हवं होतं हे."

आईने त्यांच्या चादरीची आधीच सरळ असलेली घडी पुन्हा सरळ केली.

सिस्टर दारात येऊन धाकट्याला म्हणाली, "सर, पुढच्या पेशंटना, त्या शाळेच्या बाईंना, मोठ्या खोलीत घेतलंय. जांघ बधिर करतोय. व्हॉल्व्हचे दोन्ही डबे बाहेर ठेवलेत, कोणता ते तुम्ही सांगाल म्हणालात."

"पहारा कोणाचा?" आप्पांनी लगेच विचारले.

"माझा," थोरली म्हणाली. ती उठलीच होती.

"माप?"

"सीमेवर आहे," धाकटा म्हणाला. "तुमच्यासारखंच."

आप्पांचा चेहरा एकदम जागा झाला. त्यांनी कोपरावर जोर देऊन अंग उचलायचा प्रयत्न केला. "स्कॅन आण. कड्याला चुना किती आहे? खालच्या बाजूला असेल तर... आण इकडे, बघू. कितीची घालणार आहेस?"

काका, आई, थोरली, सिस्टर, सगळ्यांनी धाकट्याकडे पाहिले. तो दारापाशी पोचला होता. तो वळला, आणि अत्यंत आदराने, पण पाय न थांबवता म्हणाला, "ते मी ठरवेन, आप्पा."

थोरलीने त्याच्यासाठी दार उघडून धरले. दोघे बाहेर पडले, आणि कॉरिडॉरमधून त्यांची पावले एका लयीत दूर गेली.

काकांनी सावधपणे आप्पांकडे पाहिले. "ऐकलंत, दादा?"

आप्पांनी आधी ओठ मिटले. मग त्यांचे खांदे हलू लागले. त्यांनी उशी दोन्ही हातांनी छातीशी आवळली, तरी हसू आवरेना. डोळ्यांत पाणी आले, हाडाचा सांधा ठणकू लागला.

"हसू नका," आई घाबरून म्हणाली. "टाके ओले आहेत. दुखेल."

"दुखू दे," आप्पा म्हणाले.